नेपियरच्या कांड्या: लाकूड चांगलं, छपाईचा भरवसा नाही, पुस्तिकेतला माणूस भलताच

पार्सल आलं तेव्हा मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो. कुरियरचा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. खोक्यावरचं नाव वाचून म्हणाला, “सर, नेपियरच्या कांड्या ऑनलाइन मागवल्या व्हय? आमच्या शेतात चला की, पोतंभर फुकट देतो.” आमच्या औसा तालुक्यात नेपियर म्हणलं की म्हशीचा चारा. कांडी सरीत दाबायची आणि मग वर्षानुवर्षं कापत राहायचं. त्याला सांगितलं, बाबा, त्या गवताचं नाव दुसऱ्याच एका नेपियरवरून पडलं. हा नेपियर म्हणजे ज्याच्या लॉग टेबलनं बारावीला तुझी झोप घालवली होती, तो. या कांड्या त्याच्या, गुणाकार करायच्या. पोरगा सही घेता घेता म्हणाला, “मंग परतच पाठवा, सर.”

घरात वेगळंच सुरू झालं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नेपियर्स बोन्स’ छापलेलं. नातीनं ते मोठ्यानं वाचलं आणि लगेच अर्थही सांगितला. श्रावणातला सोमवार. स्वयंपाकघरातून आवाज आला, “हाडं? आज? घरात?” खोकं फोडून लाकूड दाखवलं तेव्हा कुठं प्रकरण निवलं. पूर्वी या कांड्या हस्तिदंताच्या, हाडाच्या करत म्हणून हे नाव, ही माहिती मी माझ्यापाशीच ठेवली.

मी लातूर जिल्ह्यातल्या शाळांत ३१ वर्षं गणित शिकवलं. आता दीड एकर सोयाबीन आणि संध्याकाळी ओसरीवर गल्लीतली आठ-नऊ पोरं. पाढे कुणालाच येत नाहीत. सात नव्वे विचारलं की हात खिशातल्या मोबाइलकडं जातो. म्हणून हा संच मागवला. किंमत ८४९ रुपये, वर कुरियरचे ६०, यायला ११ दिवस.

आधी वस्तूबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. आत २० चपट्या लाकडी पट्ट्या, त्या बसवायला खाचा असलेली एक पाटी आणि १६ पानांची पुस्तिका. लाकूड गुळगुळीत, कडा घासलेल्या, पोरांच्या हातात फास जात नाही. पंधरा दिवस पाऊस लागला तरी पट्टी फुगली नाही की अडकली नाही. पॉलिशचा वास दोन दिवसांत गेला. इथपर्यंत पैसे वसूल.

चालतं कसं? प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर एक अंक आणि खाली नऊ घरांत त्याचा पाढा. घरात तिरकी रेघ, वरच्या कोपऱ्यात दशक, खालच्या कोपऱ्यात एकक. समजा सोयाबीन ३८ क्विंटल झालं आणि भाव ४,३५० मिळाला. (समजायला काय जातंय.) ४, ३, ५, ० या पट्ट्या शेजारी शेजारी लावा. आठव्या ओळीत दिसतं ३२, २४, ४०, ००. शेजारच्या घरांतले तिरके अंक एकमेकांत मिळवत चला: ३, मग २ आणि २ चार, ४ आणि ४ आठ, मग शून्य, शून्य. झाले ३४,८००. तिसऱ्या ओळीत १२, ०९, १५, ००. इथं ९ आणि १ दहा होतात, हातचा एक डावीकडं जातो, उत्तर १३,०५०. ते ३० नं गुणायचं म्हणून पुढं एक शून्य, मग दोन्हींची बेरीज १,६५,३००. पाढा पाठ नसलेलं पोरगंसुद्धा फक्त बेरीज करून इथवर येतं. माझ्या ओसरीवर एकानं पहिल्यांदा हे केलं आणि पट्ट्या उलट्या करून बघितल्या, खाली बॅटरी आहे का म्हणून.

आता तक्रारी.

पहिली. सातच्या एका पट्टीवर आठव्या घरात ५४ छापलंय. सात आठे छप्पन्न, आमच्या गावच्या पोस्टमनलाही ठाऊक आहे. वर गंमत अशी की सातची दुसरी पट्टी बरोबर आहे. म्हणजे कधी उत्तर बरोबर, कधी चूक, आणि तुम्ही बसा शोधत. माझी अर्धी संध्याकाळ ६७२ ला ८ नं गुणण्यात गेली. पट्ट्यांनी ५,३५६ सांगितलं, नातीनं मोबाइलवर ५,३७६ दाखवलं आणि ओसरीवरच्या सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं.

त्या वेळी नाथबाबांची आठवण झाली. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं हिशेब लिहीत असताना एका पैचा ताळा लागेना, एकनाथ रात्रभर वहीवर बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट आपल्याकडं लहानपणीच ऐकायला मिळते. मीही रात्री साडेदहाला ५४ पाशी बोट ठेवलं. टाळी नाही वाजवली, शिवी दिली. विकणाऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं की आपल्या पिनकोडवर पिकअप होत नाही, पुढच्या खरेदीवर ५० रुपयांचं कूपन घ्या.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. प्रत्येक अंकाच्या दोनच पट्ट्या दिल्यात. मग ७७७ कसं मांडायचं? मांडता येतच नाही. मूळ नेपियरचं कसब नेमकं इथं होतं. त्यानं चपट्या पट्ट्या नाही, चौकोनी कांड्या केल्या, फक्त दहा. एका कांडीला चार बाजू, प्रत्येक बाजूवर वेगळा पाढा, आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ९. एकीकडं २ दिसला की मागं ७ असणारच. दहा कांड्या, चाळीस बाजू, म्हणजे प्रत्येक अंक चार वेळा मिळतो. या कंपनीनं लाकूड दुप्पट लावलं आणि काम निम्मं केलं.

तिसरी तक्रार पुस्तिकेची, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

पहिल्याच पानावर एका माणसाचं चित्र आहे, कुरळ्या केसांचा लांब टोप घातलेला, दाढी तासलेली. खाली नाव जॉन नेपियर. हा गृहस्थ कोण ते देव जाणे. नेपियरचं १६१६ सालचं तैलचित्र आहे. त्यात डोक्याला घट्ट काळी टोपी, गळ्याभोवती चुण्यांची मोठी कॉलर आणि छातीपर्यंत दाढी. मजकूर म्हणतो, “महान वैज्ञानिक प्रोफेसर नेपियर यांनी आपले संपूर्ण जीवन एकांतात संशोधनाला वाहिले.” या एका वाक्यात तीन थापा. तो प्रोफेसर कधीच नव्हता, पदवीसुद्धा घेतलेली दिसत नाही. तो जमीनदार होता. आणि एकांत? घरात बारा लेकरं होती हो.

ओसरीवरच्या पोरांना मी पुस्तिका वाचून दाखवली नाही. ती बाजूला ठेवून तीन संध्याकाळी त्या माणसाची खरी गोष्ट सांगितली, आणि पट्ट्यांपेक्षा पोरं त्यातच जास्त रमली. इथं थोडक्यात देतो. संच घेतलात तर पुस्तिकेऐवजी हेच वाचा.

घराणं मर्चिस्टनचं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराच्या वेशीबाहेर त्यांचा दगडी बुरूजवजा वाडा, पंधराव्या शतकात बांधलेला. तो अजून उभा आहे. माझी भाची तिकडं शिकायला होती, तिनं फोटो पाठवला होता. चारी बाजूंनी कॉलेजच्या नव्या इमारती आणि मधोमध हा जुना बुरूज. एडिंबरा नेपियर युनिव्हर्सिटी त्याच्याच नावानं. भाचीनं खाली लिहिलं होतं, “मामा, आपल्या औशाच्या किल्ल्यापुढं हे काहीच नाही.” खरं आहे. पण आपल्या किल्ल्यात लॉगरिदम जन्मलं नाही.

जॉन १५५० साली याच वाड्यात जन्मला. तेव्हा त्याच्या वडिलांचं, आर्चिबाल्ड यांचं, वय साधारण १६. पोरं हसली. मी म्हणालो, हसू नका, तुमच्या पणजोबांचं वय विचारून या. या सोळाच्या फरकाचा परिणाम पुढं साठ वर्षं टिकला. बाप-लेक जवळजवळ बरोबरीनंच म्हातारे झाले. वडील १६०८ ला वारले तेव्हा जॉन ५८ वर्षांचा होता आणि तेव्हा कुठं तो मर्चिस्टनचा खरा धनी झाला. तोवर तो स्वतःला ‘फियर ऑफ मर्चिस्टन’ म्हणवत असे. म्हणजे मालकी कागदावर याची आणि उत्पन्न खायचा हक्क वडील हयात असेपर्यंत वडिलांचा. आमच्याकडं सातबारा पोराच्या नावावर करतात आणि बाजारपट्टी मात्र म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात जाते, अगदी तसंच. हे सांगितल्यावर पुढच्या ओळीतल्या दोन पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

आई जॅनेट बॉथवेल. तिचा भाऊ ॲडम हा ऑर्कनी बेटांचा बिशप. या मामानं ५ डिसेंबर १५६० ला आपल्या दाजींना पत्र लिहिलं की जॉनला फ्रान्सला नाहीतर फ्लँडर्सला शिकायला धाडा, घरी राहून तो काही चांगलं शिकायचा नाही. पोरगा दहा वर्षांचा. मामा लोक सगळीकडं सारखेच. हा मामा साधा नव्हता बरं. १५६७ च्या मे महिन्यात त्यानं स्कॉटलंडच्या राणीचं, मेरीचं, वादग्रस्त लग्न लावलं आणि दोनच महिन्यांनी तिला गादी सोडायला लावल्यावर तिच्या तेरा महिन्यांच्या बाळाला राज्याभिषेकही यानंच केला. वारा फिरला की टोपी फिरवणारा माणूस. आपल्याला असे पाहुणे ठाऊक आहेत.

तेराव्या वर्षी, १५६३ ला, जॉन सेंट अँड्र्यूजच्या कॉलेजात गेला. त्याच वर्षी आई गेली. वडिलांनी पुढं दुसरं लग्न केलं, सावत्र भावंडं झाली. वडील नंतर राजाच्या टांकसाळीचे प्रमुख झाले, पैसा आला, आणि १५९० च्या सुमारास त्यांनी सावत्र भाऊ अलेक्झांडर याच्यासाठी लॉरिस्टनची इस्टेट घेतली. थोरला मात्र खेड्यात.

खेडं म्हणजे गार्टनेस. १५७२ ला जॉनचं लग्न झालं, कीरच्या स्टर्लिंग घराण्यातल्या एलिझाबेथशी, आणि लग्नाच्या निमित्तानं एंड्रिक नदीकाठची ही जमीन जोडप्याच्या नावावर झाली. १५७४ पर्यंत तिथं घर बांधून झालं. दोन लेकरं झाली, आर्चिबाल्ड आणि जीन. १५७९ ला एलिझाबेथ वारली. मग ॲग्नेस चिझम ही दुसरी बायको, तिची दहा लेकरं, पाच मुलगे, पाच मुली. त्याचं बहुतेक सगळं मोठं काम या दुसऱ्या संसारात झालं. आणि पुस्तिका म्हणते एकांत!

गार्टनेसची एक आठवण त्या भागात पिढ्यानपिढ्या सांगितली जायची. घराजवळ नदीचा धबधबा, त्याचा आवाज रात्रंदिवस, पण त्याचा याला कधी त्रास झाला नाही. पलीकडच्या गिरणीच्या खटखटीनं मात्र डोकं भणभणायचं, हिशेब तुटायचा, आणि मग तो गिरणीवाल्याला निरोप धाडायचा की बाबा, थोडा वेळ थांबव. हे सांगताना माझ्या घरामागं पिठाची चक्की चालू होती. मी गेली बावीस वर्षं असा निरोप धाडू शकलेलो नाही. जमीनदार असण्याचा फायदा हा असा असतो.

शेतीत तो नुसता नावाचा नव्हता. जमिनीला मीठ घालून कस वाढवायची रीत या घरानं काढली आणि १५९८ ला थोरला मुलगा आर्चिबाल्ड याच्या नावानं राजाकडून तिचा एकाधिकारही मिळवला. गल्लीतल्या एका पोराचा बाप तिथं बसला होता, तो ताडकन म्हणाला, “मीठ? रानात? सर, जायकवाडीच्या कालव्याखाली आमच्या पाहुण्यांचं सगळं रान मिठानं चोपण झालं. उगंच पोरांला असलं सांगू नका.” बरोबर बोलला. तिकडची जमीन वेगळी, पाऊस वेगळा, बारा महिने धुऊन काढणारा. आपल्याकडं करू नका. असंच १५९७ चं त्याचं दुसरं यंत्र, कोळशाच्या खाणीत साचलेलं पाणी फिरत्या मळसूत्रानं वर उपसून काढायचं. त्यांची अडचण पाणी फार झाल्याची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या लातूरकरांना हे ऐकवलं की ते नुसते बघत राहतात.

आता पोरांची सर्वांत आवडती भानगड, गुप्तधन. १५९४ च्या जुलैत नेपियरनं रॉबर्ट लोगन नावाच्या एका बदनाम सरदाराशी लेखी करार केला. लोगनच्या ताब्यात समुद्रकड्यावरचा फास्ट कॅसल हा किल्ला, तिथं धन पुरलंय अशी बोलवा. नेपियरनं आपल्या बुद्धीनं ते शोधायचं आणि सापडलं तर तिसरा हिस्सा घ्यायचा. करार त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आणि त्यात एक अट घातली, की परतताना लोगननं त्याला एडिंबऱ्यापर्यंत सुखरूप पोचवायचं, वाटेत लुटू द्यायचं नाही. भागीदारावर भरवसा किती, ते या अटीवरून कळतं. दोन वर्षांनी गार्टनेसची जमीन खंडानं देताना यानं कागदात कलम घातलं: लोगन आडनावाच्या कुणालाही पोटखंडानं द्यायची नाही. मधल्या दोन वर्षांत काय झालं असेल त्याचा अंदाज आमच्या ओसरीवर सातवीतल्या पोरानंही बरोबर केला.

लोक त्याला चेटक्या समजत. कोंबड्याची गोष्ट तिकडं प्रसिद्ध आहे. घरात चोरी झाली. नेपियरनं नोकरांना सांगितलं, अंधाऱ्या खोलीत माझा काळा कोंबडा आहे, एकेकानं जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवा, चोराचा हात लागला की तो आरवेल. कोंबडा काही आरवला नाही. पण त्याला काजळी फासलेली होती. सगळ्यांचे हात काळे निघाले, एकाचेच स्वच्छ. कबुतरांची गोष्टही तशीच. शेजाऱ्याची कबुतरं दाणे खाऊन जायची. यानं बजावलं की पकडून ठेवीन. शेजारी म्हणाला, पकड. दुसऱ्या दिवशी सगळी कबुतरं रानात झिंगून पडलेली, दाणे दारूत भिजवलेले. खरं-खोटं सोडा. आमच्याकडं ही गोष्ट कुणी बिरबलाच्या नावावर खपवली असती तरी चाललं असतं.

घरातलं राजकारण मात्र खरं आणि कडू. नेपियर कट्टर प्रोटेस्टंट, ॲग्नेसचे वडील सर जेम्स चिझम कॅथलिक. १५९२ च्या अखेरीस स्पेनच्या मदतीनं उठाव करायचा कट उघड झाला, कोऱ्या कागदांवर सरदारांच्या सह्या सापडल्या. त्यात चिझमांचं नाव. चर्चच्या प्रतिनिधींबरोबर नेपियर राजाकडं गेला आणि कटवाल्यांना कडक शिक्षा मागितली. कटवाल्यांत सासरा! त्या दिवशी घरी जेवण कसं झालं असेल? माझ्या पत्नीचं म्हणणं, झालंच नसेल. त्याच सुमारास बायबलातल्या शेवटच्या पुस्तकावर त्यानं मोठा ग्रंथ लिहून राजा सहाव्या जेम्सला अर्पण केला. आकडेमोड करून जगाचा अंत १६८८ ते १७०० च्या दरम्यान काढून ठेवला होता. गणित पक्कं असलं म्हणजे उत्तर बरोबर येतंच असं नाही. आधी प्रश्न तपासावा लागतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहायचो.

वडील गेल्यावर सावत्र भावंडांशी मर्चिस्टनच्या त्या वर्षीच्या पिकाच्या हिश्श्यावरून जुंपली. दोन्हीकडून हत्यारबंद माणसं गोळा व्हायला लागली. शेवटी राजाच्या कौन्सिलनं मध्ये पडून हुकूम केला की पेंढ्या तिसऱ्याच माणसानं आपल्या खळ्यात नेऊन रचायच्या. साल १६०८. जवळपास सहा वर्षांनी लॉगरिदमचं पुस्तक आलं, म्हणजे अखेरची टेबलं तपासताना हा बांधावरचा तंटा याच माणसाच्या डोक्यात होता. हे कळल्यापासून लॉग टेबलच्या पानांकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो.

लॉगबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही शाळेत भोगलंय: मोठे गुणाकार नुसत्या बेरजेवर आणायची युक्ती. १५९४ च्या आसपास सुरुवात, १६१४ ला पुस्तक, मध्ये वीस वर्षं. टेबलची ९० पानं, एका पानावर अर्धा अंश, प्रत्येक मिनिटाला एक ओळ. सगळं हातानं. प्रस्तावनेत तो म्हणतो की मोठ्या आकड्यांचे गुणाकार, भागाकार, वर्गमुळं, घनमुळं यांत वेळ तर जातोच, पण निसरड्या चुकाही फार होतात. निसरड्या! या शब्दासाठी मी त्याला नमस्कार करतो. १५५० ते १६१७ हे त्याचं आयुष्य. आपले एकनाथमहाराज १५९९ ला पैठणला समाधिस्थ झाले, म्हणजे दोघे एकाच काळातले. एक गोदाकाठी, एक एंड्रिककाठी, आणि दोघांनाही हिशेबातली चूक काय असते ते ठाऊक.

१६१५ ला लंडनहून हेन्री ब्रिग्ज हे गणिताचे प्राध्यापक खास त्याला भेटायला आले. असं सांगतात की दोघं पाव तास नुसते एकमेकांकडं बघत राहिले, तोंडातून शब्द नाही. मग कामाला लागले आणि लॉग दहाच्या पायावर आणायचं ठरलं, जे आपण शाळेत वापरतो. कांड्यांचं पुस्तक १६१७ चं, त्याच्या शेवटच्या वर्षातलं. ४ एप्रिलला तो वारला. संधिवातानं आधीच खिळलेला होता. टेबलं कशी तयार केली ते सांगणारं हस्तलिखित १६१९ ला छापून आणलं रॉबर्टनं, दुसऱ्या बायकोच्या मुलानं. थोरला आर्चिबाल्ड राजदरबारी चढला, १६२७ ला लॉर्ड झाला. त्याच गादीचा दहावा लॉर्ड पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि १८७२ ला अंदमानात व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून झाल्यावर काही महिने हंगामी व्हाइसरॉयसुद्धा. चेन्नईतला नेपियर ब्रिज त्याच्या नावाचा. रामेश्वरच्या यात्रेत आमची बस त्यावरून गेली तेव्हा मी सगळ्यांना उठवून हे सांगितलं. कुणीही उठल्याबद्दल आभार मानले नाहीत.

अजून एक. तिरक्या रेघांचा गुणाकार नेपियरनंच शोधला असं पुस्तिका ठोकून देते. तेही खोटं. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवरच्या भाष्यात घरं पाडून, तिरक्या रेघा मारून गुणाकार करायची रीत दिली आहे, साल १५४५, नेपियर जन्मायच्या आधीचं. नेपियरनं काय केलं, तर ती घरं कागदावरून उचलून लाकडावर चढवली, सुटी केली, म्हणजे दर वेळी चौकट आखायला नको. तेही कमी नाही. जेवढं केलं तेवढं द्या ना त्याला.

तर पट्ट्यांना पाचपैकी तीन, ग्राहकसेवेला अर्धा, पुस्तिकेला शून्य. ८४९ ला घेऊ नका. चारशेच्या आत मिळाल्या तर घ्या आणि घेतल्या घेतल्या सगळे पाढे तपासा.

मी मात्र पुढं वेगळंच केलं. औशाच्या बाजारातल्या सुतारकाकांना कागदावर चित्र काढून दिलं: दहा चौकोनी कांड्या, वीतभर लांब, बोटभर जाड. त्यांच्याकडं सागाच्या दाराची उरलेली पट्टी होती. म्हणाले, “गुरुजी, हे खेळणं का देवाचं?” हिशेबाचं म्हणल्यावर त्यांनी टेप बाजूला ठेवून गुण्या काढला. घरं आणि तिरक्या रेघा त्यांनी कोरल्या, आकडे नातीनं काळ्या रंगानं भरले, समोरासमोर नऊ येतात का ते दर कांडीला बघत. तिसऱ्या कांडीवर तिनं ३ च्या मागं ७ काढला. काकांनीच पकडलं, रंधा मारून पुसून दिला. एकूण ५५० रुपये घेतले, रंध्याचे लावले नाहीत. आता ७७७ मांडता येतं, ७,७७७ सुद्धा.

चुकीची सातची पट्टी मी ठेवून दिली आहे. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी तीच हातात देतो, काही न सांगता. काल चक्कीवाल्याची मुलगी आली होती. तिनं ५४ वर बोट ठेवायला अकरा मिनिटं घेतली, आणि मागं चक्की चालूच होती.